आवाज पुढे, ओठ मागे

मित्रांनो, सौंदडला स्टेशनाकडून गावात येताना उजव्या हाताला एक कौलारू घर लागतं. त्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला टांगलेला बत्तीस इंची टीव्ही म्हणजे मी. माझं वय सात वर्षं. माणसांत सात वर्षांचं मूल जेमतेम दुसरीत असतं. आमच्यात मात्र सात वर्षांचा टीव्ही म्हातारा समजतात.

एवढ्या आयुष्यात मी पूर दाखवले, निवडणुका दाखवल्या, शेवटच्या चेंडूवर हरलेले सामने दाखवले. आता आपल्याला कशाचाच धक्का बसणार नाही, असं मला वाटायचं. पण गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी भर दुपारी मला असा धक्का बसला, की त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. आणि जे घडलं ते माझ्या पडद्यावर घडलं नाही. ते पडद्यासमोर घडलं.

पण आधी माझी थोडी ओळख सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि पडद्यावर चिकटवलेला एक पातळ कागद आठवतो. तिथून मी गोंदियाच्या एका दुकानात आलो. दिवाळीच्या आठवड्यात गजेंद्र आणि त्याची बायको नीतू मला घ्यायला आली. दुकानदार हिंदीत माझी तारीफ करत होता आणि गजेंद्र मान डोलावत होता. मग माझं खोकं पॅसेंजर गाडीत चढलं. गजेंद्रने ते सौंदड येईपर्यंत मांडीवर धरून ठेवलं. नीतूच्या मांडीवर दोन वर्षांची चेतना होती. ती सगळा रस्ता माझ्या खोक्यावर चापट्या मारत होती.

चेतना ही त्यांची एकुलती एक मुलगी. या गोष्टीतलं सगळं काही तिच्याभोवती फिरतं.

सुरुवातीची वर्षं माझी फार मानाची गेली. शेजारपाजारचे लोक सामना बघायला येत. धानाची कापणी आटोपली, की गजेंद्र गावच्या तलावाचा पाट साफ करून यायचा, हातपाय धुवायचा आणि माझ्यासमोर खाटेवर टेकायचा. त्याच्या वाडवडिलांनी तलाव बांधले होते, त्यामुळे पाण्याची बातमी लागली की तो कान टवकारायचा. नीतू संध्याकाळी भाजी निवडता निवडता मालिका पाहायची. पण माझी खरी प्रेक्षक चेतनाच होती. पाच-सहा वर्षांची झाल्यावर ती खाटेवर बसेनाशी झाली. ती अगदी माझ्यापुढे, हाताच्या अंतरावर येऊन उभी राहायची आणि मान वर करून पाहत राहायची. बातम्या असोत, भाषण असो की जाहिरात, तिला सगळं सारखंच आवडायचं.

"मांगे हो ना व! डोळे फुटतीन," नीतू ओरडायची.

चेतना हलायची नाही. मग नीतू उठून तिचा हात धरून मागे ओढायची. पाच मिनिटांनी चेतना पुन्हा माझ्यापुढे.

मला किती अभिमान वाटायचा! मी मनात म्हणायचो, बघा, या पोरीला माझं किती वेड आहे.

मित्रांनो, त्या अभिमानाची मला आज लाज वाटते.

चेतना शाळेत जाऊ लागली, तशा तक्रारी येऊ लागल्या. ती वर्गात लक्ष देत नाही. हाक मारली तर ओ देत नाही. शुद्धलेखनात भलतंच लिहिते. तिसरीतून चौथीत जाताना बाईंनी नीतूला बोलावून सांगितलं, की मुलगी हुशार दिसते, पण बेपर्वा आहे. घरीही तेच चालायचं. नीतू सैपाकघरातून हाका मारून थकायची आणि चेतना अंगणात चित्र काढत बसलेली असायची.

"ऐकून न ऐकल्यावानी करते," गजेंद्र म्हणायचा. "कोनाच्या वळनावर गेली का मालूम."

आणि शेवटी सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळायची. टीव्हीने पोरीचं डोकं बिघडवलं! आधी मला राग यायचा. मग हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं.

चेतनाला आणखी एक खोड होती. घरात कोणी नसलं, की ती रिमोट घेऊन माझा आवाज वाढवायची. चाळीस, साठ, ऐंशी! माझे पोटातले स्पीकर लहान. ते थरथरायचे, खरखरायचे. अखेर गेल्या पावसाळ्यात एक स्पीकर फाटलाच. त्यानंतर माझ्यातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला.

म्हणून दिवाळीला गजेंद्रने बाहेरून जोडायचा एक लांबट काळा स्पीकर आणला. त्याची वायर त्याने स्वतःच माझ्याखालच्या सेट टॉप बॉक्सला जोडली आणि माझा पोटातला आवाज बंद करून टाकला. नवा आवाज खणखणीत होता. सगळे खूश झाले.

पण दुसऱ्याच दिवशी बातम्या पाहताना नीतूच्या हातातली शेंग थांबली.

"अवो, पाहा ना. या बाईचा आवाज पयले येते अना तोंड मांगून हालते."

गजेंद्रने निरखून पाहिलं. खरंच होतं. बातमीदार बाई "नमस्कार" म्हणून मोकळी व्हायची आणि मग तिचे ओठ "नमस्कार" म्हणायचे. सामन्यात टाळ्या आधी पडत आणि चेंडूला बॅट नंतर लागे. मला स्वतःलाच ते ऐकून भोवळ आल्यासारखं झालं. जणू माझ्या अंगातून माझा प्राण दोन पावलं पुढे चालला होता!

असं का झालं, ते तुम्हाला सोपं करून सांगतो. बॉक्समधून चित्र आणि आवाज एकदमच निघतात. पण चित्र माझ्याकडे आलं, की मी त्याचे रंग नीट करतो, उजेड नीट करतो, हलणाऱ्या गोष्टी गुळगुळीत करतो. या कामाला क्षणभर वेळ लागतो. पूर्वी आवाजही माझ्यातूनच जायचा, त्यामुळे मी त्याला चित्रासाठी थांबवून धरायचो. आता आवाजाची वायर बॉक्समधून थेट स्पीकरकडे गेली होती. त्याला थांबवणारं कोणी नव्हतं. तो पुढे पळायचा आणि चित्र मागे राहायचं.

गजेंद्रने बॉक्स बंद करून चालू केला. चॅनल बदलून पाहिले. दुसरी केबल लावली. फरक पडला नाही. सगळ्यांचा जीव वैतागला. नीतूने मालिका पाहणं सोडलं. ते पाहून डोकं दुखतं म्हणायची.

तक्रार नव्हती ती फक्त एकाच माणसाची. चेतना पूर्वीसारखीच माझ्यासमोर उभी राहून तल्लीन होऊन पाहत असे.

"हिले तर कसाही चालते," गजेंद्र म्हणाला आणि ती गोष्ट तिथेच संपली. तुम्हाला सांगतो, मलाही तेव्हा शंका आली नाही.

मग जानेवारी आला. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी गजेंद्र अंगणात ट्रॅक्टर मागे घेत होता. पुढच्या खोलीचं दार उघडं असलं, की मला अर्धं अंगण दिसतं. त्या अर्ध्या अंगणात चेतना उकिडवी बसून मातीत काडीने मोर काढत होती. तिची पाठ ट्रॅक्टरकडे होती. ट्रॅक्टरची ट्रॉली हळूहळू तिच्याकडे येत होती.

"बाजूले हो!" गजेंद्र ओरडला. "चेतना! बाजूले हो म्हनतो ना!"

तिने मानही वळवली नाही.

ती उठेल असं गजेंद्रला वाटलं असावं. ट्रॉली येतच राहिली. मी भिंतीवर. मला हाक मारता येत नाही. तेवढ्यात नीतू सैपाकघरातून धावत आली आणि अशी किंचाळली, की गजेंद्रने करकचून ब्रेक दाबला. ट्रॉलीचं चाक तिने मागे काढून ठेवलेल्या पिसाऱ्यावर येऊन थांबलं. चाक आणि चेतनाची पाठ यांत एक हातसुद्धा अंतर नव्हतं.

गजेंद्र खाली उतरला. भीतीने माणूस काय करेल ते सांगता येत नाही. त्याने चेतनाला उठवलं आणि तिच्या गालावर थाड्‌कन मारली.

"मराचं आहे का तुले? काऊन नाई ऐकत? काऊन?"

चेतना त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. रडलीसुद्धा नाही. आपण काय केलं, हेच तिला कळलं नव्हतं.

गजेंद्र तणतणत आत आला आणि त्याने माझी पिन उपटली. अंधार होण्याआधी मला त्याचे शेवटचे शब्द ऐकू आले. "हा डब्बा घरात नाई पायजे आता. साळ्याकडे देऊन टाकतो. अना हे पोरगी पुढच्या वर्षी गोंदियाले मावशीकडे राहीन. तिथं शिस्त लागंन तिले."

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा जाग आली, तेव्हा मी भिंतीवरून खाली टेबलावर होतो. दुसऱ्याच्या घरी बिघडलेली वस्तू कशी द्यायची, म्हणून गजेंद्रने सडक अर्जुनीहून योगराजला बोलावलं होतं. योगराज हा टीव्ही दुरुस्त करणारा. माणूस सडपातळ, खिशात टेस्टर, खांद्यावर पंचा. बोलणं शांत. यंत्राला हात लावण्याआधी तो त्याच्याकडे थोडा वेळ नुसता पाहत बसतो. मला तो लगेच आवडला.

"आवाज पुढं पळून राहिला," तो म्हणाला. "या स्पीकरमंदी आवाज थांबवाची सेटिंग आहे. थोडा थोडा थांबवत जातो. जिथं ओठ अना आवाज जमंन, तिथं सोडून देतो."

गजेंद्र बाहेर ट्रॅक्टरपाशी होता. नीतू चहा टाकायला आत गेली. योगराजला वायरी पाहण्यासाठी माझ्या मागे जावं लागत होतं आणि तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. माझ्यासमोर चेतना उभी होतीच.

"बाई, तुझे डोळे चांगले आहेत. तू पाहून सांगजो. 'जमलं का' म्हनलं, का होय नाई तर नाई म्हनजो."

चेतनाने मान हलवली. तिला कोणी काम सांगितलं, याचाच तिला आनंद झाला होता.

बातम्या लागल्या होत्या. योगराज माझ्या मागे गेला आणि त्याने स्पीकरचा रिमोट दाबला.

"जमलं का?"

उत्तर नाही.

"जमलं का व?"

उत्तर नाही. योगराजने माझ्या बाजूने डोकं बाहेर काढलं. "जमलं का?"

"जमलं," चेतना हसून म्हणाली.

योगराजने स्वतः पुढे येऊन पाहिलं. जमलं नव्हतं. आवाज अजून पुढेच होता. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा रिमोट, पुन्हा हाक, पुन्हा शांतता. पुन्हा डोकं बाहेर.

"आता?"

"जमलं."

आता आवाज फारच मागे राहिला होता. बातमीदार बाई तोंड मिटून बसायची आणि मग तिचं वाक्य संपायचं. आंधळ्यालाही कळलं असतं, असं मला वाटलं.

"माही मस्करी करून राहिली का तू?" योगराज म्हणाला. पण चेतनाच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. ती घाबरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती, परीक्षेत पाहावं तशी.

योगराजने मान खाजवली आणि तो तिला नव्हे, स्वतःलाच म्हणाला, "एकेक वायर काढून पाहाची. जे काढल्यावर काही फरकच नाई पडत, तिथं खोट."

त्याने स्पीकरची वायर उपटली. खोलीत एकदम चिडीचूप झालं. पंख्याचा आवाज तेवढा उरला. पडद्यावर बातमीदार बाई मुकाट्याने तोंड हलवत होती.

योगराजने डोकं बाहेर काढलं. "आता?"

चेतनाने पडद्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्याकडे वळली.

"जमलं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझ्यात वीज खेळते. पण त्या क्षणी ती वीज जागच्या जागी थांबली, असं मला वाटलं. योगराज उभाच्या उभा राहिला. उपटलेली वायर त्याच्या हातात लोंबत होती. तो एकदा वायरीकडे पाही आणि एकदा त्या मुलीकडे.

मग त्याने हळूच पुढे येऊन एक गोष्ट केली. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तो म्हणाला, "पानी आन."

चेतना वळली, आत गेली आणि गडव्यातून पेलाभर पाणी घेऊन आली.

तिच्यामागून चहा घेऊन नीतू आली. "पानी कायले आनलं व? चहा आनूनच राहिली होती ना मी." योगराजने नीतूला हाताने थांबवलं. दारात गजेंद्र येऊन उभा राहिला होता, त्यालाही थांबवलं. मग खांद्यावरचा पंचा त्याने आपल्या तोंडापुढे धरला आणि रोजच्या आवाजात बोलला.

"चेतना, तो पेला खाली ठेव."

चेतना पेला धरून उभी.

"चेतना, तुझ्या मांगं तुझा बाबा उभा आहे."

चेतना उभी. पंचा कधी खाली होतो, याची वाट पाहत ती हसत होती. तिला वाटलं, हा काही खेळ आहे.

"भाऊ," योगराज पंचा काढून म्हणाला. "टीव्ही मांगून पाहू. तुमच्या पोरीले ऐकू येत नाई."

"का बोलून राहिला तू!" नीतू जवळजवळ ओरडली. "ऐकते ना माही पोरगी! बोलते, गाने म्हनते. मी हाक मारली का येते..." आणि ती मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. पोरगी हाक मारल्यावर येत नव्हती. जवळ गेल्यावर, हात धरल्यावर येत होती. नीतू गेली चार वर्षं आपल्या डोक्यात चाळत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गजेंद्रने चेतनाच्या पाठीमागून मोठ्याने हाक मारली. तिने अर्धवट मान वळवली, कुठून तरी काहीतरी आल्यासारखी. त्याने हळू हाक मारली. ती हललीच नाही. तिसरी हाक त्याने मारलीच नाही. तो उंबरठ्यावर बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. त्याच हाताने त्याने आदल्या दिवशी तिला मारलं होतं.

सगळ्यांचे चेहरे पाहून चेतना रडवेली झाली. "मी चुकली का?" तिने योगराजला विचारलं.

योगराज तिच्यासमोर खाली बसला. तिला आपलं तोंड नीट दिसेल असा. "नाई बाई, तू नाई चुकली. तुले ते टीव्हीतली बाई का म्हनते, ते कसं समजते?"

"तोंड पाहून."

"अना आवाज?"

"आवाज तर असाच राहते. घूं घूं." तिने सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तिला उमगलं असावं. तिने फार हळू विचारलं, "तुमाले... तोंड न पाहता समजते?"

योगराजने हळूच होकारार्थी मान हलवली.

"साऱ्यायले? शाळेतल्या पोरायले बी?"

तेव्हा मला कळलं. त्या खोलीत सगळ्यात मोठा धक्का गजेंद्रला बसला नव्हता, नीतूलाही नाही. तो त्या नऊ वर्षांच्या मुलीला बसला होता. सगळं जग असंच ऐकतं, असं तिला वाटत होतं. सगळेच ओठांकडे पाहून समजून घेतात, आणि आपल्यालाच ते नीट जमत नाही, म्हणून आपण ढ आहोत, अशी तिची समजूत होती. मागून कोणी आपल्याला हाक मारली, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

आणि मी? ती माझ्यासमोर वेड्यासारखी उभी राहायची, ते काही माझ्या वेडाने नव्हे. मी तिची शाळा होतो. माझ्यातली माणसं सरळ तिच्याकडे तोंड करून बोलायची, पाठ फिरवायची नाहीत, आणि तेच तेच शब्द रोज म्हणायची. त्यांच्याकडे पाहून पाहून ती ओठ वाचायला शिकली होती. मी मात्र रंगांची फुशारकी मारत बसलो होतो!

नीतूने दप्तरातून शुद्धलेखनाची वही काढली आणि उघडली. पानापानावर लाल रेघा होत्या. बाईंनी "मान" सांगितलं, तिथे चेतनाने "पान" लिहिलं होतं. "माळ"च्या जागी "बाळ". "भात"च्या जागी "मात". खाली शेरा होता, "लक्ष देत नाही."

योगराजने "पान" म्हणून पाहिलं. मग "मान" म्हणून पाहिलं. नीतूनेही म्हणून पाहिलं. मित्रांनो, तुम्हीही आरशासमोर उभं राहून म्हणून पाहा. प, ब, भ आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. नुसत्या ओठांवरून त्यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही. त्या मुलीने अर्ध्या माहितीवर चार वर्गांचा अभ्यास केला होता.

योगराजने त्या दिवशी माझी दुरुस्ती अर्धवटच सोडली. निघताना तो गजेंद्रला एवढंच म्हणाला, "उद्याच गोंदियाले कानाच्या डॉक्टरकडे न्या. परवा नाई, उद्या."

पुढचे दोन महिने माझी पिन लागलेली होती, पण मी बंद होतो. माझ्यावर धूळ बसली. पण मला कोणाकडे देऊन टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही, आणि मावशीकडे पाठवायचीही नाही. मी खोलीतलं बोलणं तेवढं ऐकत असे. चेतना पाच वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. त्यात कानाच्या नसा दुबळ्या झाल्या आणि मग ऐकणं हळूहळू कमी होत गेलं, असं डॉक्टर म्हणाले होते. इतकं हळू, की कोणाच्या लक्षातच आलं नाही. दोन्ही कानांना मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल, असंही ते म्हणाले होते. नीतू स्वतःला दोष देत राही. गजेंद्र जेवताना उगाच उठून अंगणात जाई.

मार्चमध्ये एके दिवशी ते तिघं दुपारच्या गाडीने गोंदियाहून परतले. चेतनाच्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, ती आनंदाने नाचेल. तसं काही झालं नाही. ती भेदरली होती. नीतूने आत भांडं ठेवलं, तर ती दचकली. मग वर पाहून म्हणाली, "हा पंखा बोलते?" झाडू, कोंबड्या, स्वतःच्या चपला, सगळ्यांनीच तिला हैराण केलं. तिसऱ्या दिवशी गजेंद्रने मला चालू केलं. बातमीदार बाईने "नमस्कार" म्हणताच चेतनाने कानांवर हात ठेवले.

"हिचा आवाज असा आहे?" ती म्हणाली. तिच्या मनातली बाई वेगळीच बोलत असणार. "बंद करा ना, बाबा."

मला बंद करायला सांगणारी चेतना! माझा विश्वास बसेना.

पण ती रोज थोडा वेळ येऊ लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. ओठ आणि आवाज यांची गाठ ती एकेका शब्दाने बांधत होती. आणि एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ती गजेंद्रकडे वळून चिडून बोलली.

"बाबा, टीव्ही खराब आहे. आवाज पयले येते, तोंड मांगून हालते."

नीतू आतून धावत आली. गजेंद्र हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने त्याच क्षणी योगराजला फोन लावला.

योगराज दुसऱ्या दिवशी आला. या वेळी त्याने नीट दुरुस्ती केली. स्पीकरची वायर बॉक्समधून काढून माझ्या पाठीत जोडली, म्हणजे आवाज पुन्हा माझ्यातून जाईल आणि मला त्याला थांबवता येईल. चित्र गुळगुळीत करायची माझी हौस त्याने बंद करून टाकली. त्यातच माझा जास्त वेळ जात होता. आवाजाचा प्रकार बदलून साधा केला. तरी केसभर फरक उरला. तो फरक काढायला तो माझ्या मागे गेला आणि त्याने हळू आवाजात विचारलं,

"जमलं का, चेतना?"

डोकं बाहेर न काढता.

"नाई, काका," समोरून लगेच उत्तर आलं. "अजून थोडा."

"आता?"

"जास्त झाला. मांगे घ्या."

"आता?"

ती कान देऊन ऐकत राहिली. बातमीदार बाई उन्हाळ्याबद्दल काही सांगत होती. मोठ्यांना केव्हाच जमलेलं वाटत होतं. गजेंद्र काही बोलणार, तेवढ्यात नीतूने त्याला चूप केलं.

"अजून एकच," चेतना म्हणाली. रिमोट एकदा दबला. "हो. आता जमलं."

माझ्या मागून बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. योगराज तिथेच पंच्याने तोंड पुसत बसला होता.

मित्रांनो, आता धानाची रोवणी सुरू आहे. घरातले सगळे बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात असतात आणि मी पुन्हा भिंतीवर, दिवसचे दिवस बंद असतो. चेतना पाचवीत गेली आहे. सगळं काही चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. गर्दीत तिला अजून गोंधळायला होतं. वर्गातली काही पोरं मशीनवरून चिडवतात. यंत्राला पाण्याचा थेंबही चालत नाही, म्हणून ते रोज पुसून डबीत ठेवावं लागतं. ते काम ती कोणाला करू देत नाही. माझ्यापुढे ती आता क्वचितच येते. तिला बाहेरचंच फार ऐकायचं असतं. मला कधीकधी एकटं वाटतं, पण त्या एकटेपणाची मी तक्रार करणार नाही.

तुम्ही तुमच्या टीव्हीची काळजी घ्या. वायर ओढू नका, आवाज फाटेपर्यंत वाढवू नका, ओठ आणि आवाज जुळत नसतील तर जाणकाराला दाखवा. आमची खोट निघते. पण तुमच्या वर्गात कोणी हाकेला ओ देत नसेल, घरात कोणी फार जवळून टीव्ही पाहत असेल, कोणी सारखं "काय?" "काय म्हणालास?" असं विचारत असेल, तर त्याला लगेच बेपर्वा म्हणू नका. चार वर्षं एक मुलगी रोज माझ्यासमोर उभी होती. तिचा चेहरा माझ्याइतका जवळून कोणीच पाहिला नसेल. तरी मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काय केलं असतं? मी भिंतीला टांगलेला आहे.

तुम्हाला पाय आहेत. दोन पावलं चाला, त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि विचारा.